बॅटरीखालची जागा

इंदापूर
४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

ती. अक्का,

सा. नमस्कार. पुढचं शाळेत घोकलेलं सगळं लिहिलं आहे असं समज, कारण लगेच मुद्द्यावर आलो नाही तर मी भलतीकडेच जाईन, तुला माझी सवय माहीत आहे. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पाकीट. म्हणजे ज्ञानेशला काहीतरी पाहिजे असणार, हेच तुझ्या मनात आलं असेल. काही नको.

परवा दसऱ्याला तुझ्या दाराशी गाडी लावली, तू बाहेर आली नाहीस. मी रागावलो नाही. दाजींनी तांब्याभर पाणी दिलं, आपट्याची पानं हातावर ठेवली. "आत हाय ती, पण न्हाय यायची," असं हळूच म्हणाले. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मोरगावकडून आलेल्या एसटीनं बारामती गाठली. मी अंगणात होतो तोवर आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. दसऱ्याच्या सकाळी एवढी भांडी कुणाकडे निघत नाहीत, एवढं मला कळतं.

गाडी राजनंदिनीसाठी आहे. जुलैत तिचा फोन आला होता, "मामा, जुनीपानी गाडी कुठं मिळंल का बघा की. सातची ड्युटी लागली की एसटी हुकतीच." कऱ्हाटीहून बारामतीच्या दवाखान्यात सातला पोचायचं म्हणजे पोरीनं उठायचं तरी कधी? तुला न सांगता तिनं मला फोन केला म्हणून तिला रागावू नकोस. मामाकडं नाही मागणार तर कुणाकडं मागणार?

मी ती भंगारवाल्याच्या आवारातून उचलली. त्या दिवशी तू ती पाहिली असतीस तर मला वेड्यात काढलं असतंस. चेन गंजून एकजीव झालेली, टाकीत लाल चिखल, सीटच्या फोमात उंदरांनी संसार मांडलेला. अडीच महिने बागेतलं काम आटपलं की मी शेडमध्ये. बोल्ट हलेनात म्हणून डिझेलात भिजत घातले. टाकीचा गंज निघावा म्हणून आत मूठभर खडी घालून दोन दिवस मांडीवर घेऊन हलवत बसलो. सोनल म्हणाली, "पोर निजवल्यागत काय करताय वो?" इंजिन पहिल्या किकला काही लागलं नाही, सतराव्या किकला लागलं. पण लागलं. रंग निळा दिला, नंदीला आवडतो म्हणून.

सांगायचं एवढंच होतं. गाडी जुनी आहे, तेव्हा चाळीसच्या पुढं नेऊ नको म्हणावं. गतिरोधकावर अगदी हळू. डबल सीट नको. दाजींना सांग, त्या गाडीला वांग्याची कॅरेट बांधू नका, तुमची आहे ती त्या कामाला बरी. खड्डा दिसला की वळसा घालायचा, घाई असली तरी. आणि डबल सीट तर नकोच.

वर वाचून बघितलं तर एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली आहे. असू दे, खाडाखोड करत नाही. गाडी एकदम ठणठणीत आहे, काळजीचं काही नाही.

तुझा
ज्ञानेश


इंदापूर
८ ऑक्टोबर, बुधवार

ती. अक्का,

नंदीचा मेसेज आला. तू गाडीवर ताडपत्री टाकायला लावलीस, तिला हात लावू देत नाहीस. वाचून मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं. म्हणजे गाडीला ऊन लागत नाही म्हणून बरं वाटलं, नवा रंग आहे.

ताडपत्री आहे तशीच राहू दे. बॅटरीच्या खाली एक किरकोळ काम राहिलं आहे, रंगाचंच. दिवाळी झाली की मी येतो, दोन दिवस गाडी घेऊन जातो आणि परत आणून लावतो. तोवर नंदीनं एसटीनं जावं. तिला चार दिवस उशीर झाला तर झाला. खरं म्हणजे सर्व्हिसिंग झाल्याशिवाय नवी बांधलेली गाडी चालवूच नये.

ती गाडी म्हणजे सहीसाठी दाखवलेलं आमिष, असं तुला वाटतंय. दाजी बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अक्का, आप्पांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हक्कसोडीचा कागद घेऊन तुझ्याकडे आलो, ते चुकलंच. सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं लागली होती आणि मला चार लोकांनी घाबरवलं होतं, बहिणीचं नाव राहिलं तर पुढं भाचेजावई येऊन बांधावर उभे राहतील म्हणून. मी घाबरलो आणि धावत आलो. आप्पांना शेवटचे पाच महिने तू उचलून बसवलंस. त्यांची दाढी तू करत होतीस, मी नाही. तुझ्या डोळ्यांतलं पाणी वाळलं नव्हतं आणि मी तुझ्या पुढ्यात पेन धरलं. तू म्हणालीस, "आजपास्नं मला भाऊ न्हाय." मला ते लागलं, म्हणून मीही तोंड फिरवलं. तीन भाऊबीजा गेल्या. सोनल दर भाऊबीजेला म्हणते, जाऊन या, आणि मी पंप बिघडल्याचं सांगून बागेत जाऊन बसतो. बिघडलेला नसतो.

गाडी सहीसाठी नाही. आईची शपथ घेऊन लिहितो. मला माझी बहीण पाहिजे आहे.

नंदीला जप. आता सगळीकडे रस्ते उखडलेले आहेत. ती एसटीनं गेली तरी उतरताना घाई करू नको म्हणावं. हल्ली मला कुठल्याही रस्त्याची भीती वाटते, वयाचा परिणाम असेल.

तुझा
ज्ञानेश


इंदापूर
१३ ऑक्टोबर, सोमवार

अक्का,

आधीच्या दोन्ही पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोललो. ताडपत्री काढू नकोस. नंदीला गाडीला हात लावू देऊ नकोस. दाजींनाही नाही. आधी एवढं करून ये, मग पुढचं वाच.

बॅटरीच्या खाली जे काम राहिलंय ते रंगाचं नाही. तिथं चासी कुजलेली आहे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, ज्या नळीवर सगळी गाडी उभी असते ती. जुन्या गाडीत बॅटरीचं ॲसिड वर्षानुवर्षं त्याच जागी ठिबकत राहतं. मला ते माहीत होतं आणि तरी ती जागा मी सगळ्यात शेवटी बघितली. नवमीच्या सकाळी. गाडी जोडून झाली होती, सगळी चासी घासून, लाल प्रायमर मारून तयार होती, फक्त निळ्याचा हात राहिला होता. सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. वर खणखण वाजत होतं. बॅटरीखाली आलो आणि भद्द वाजलं. टोक लावून दाबलं तर ते आत गेलं.

तशीच मी ती टेम्पोत टाकून बिरूकडं नेली. इंदापुरात त्याच्याइतकं चांगलं वेल्डिंग कुणाचं नाही. तर खंडेनवमी. त्यानं मशीन धुऊन पुसून पाटावर ठेवलं होतं, हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. बायको औक्षणाचं ताट घेऊन उभी. मी म्हटलं, "बिरूभाऊ, दोन इंचाचं काम हाय, पाच मिन्टं." तो म्हणाला, "दादा, आज न्हाय. आज हत्याराला हात लावत न्हाय आमी. उद्या सोनं वाटून झालं की सांच्याला आणा, फुकट करून देतो." मी आणखी दोन ठिकाणी गेलो. सगळीकडं तेच. सगळ्यांची मशीनं देवासारखी बसलेली.

उद्या सांजेला म्हणजे दसरा संपल्यावर. अक्का, मला ती गाडी दसऱ्याच्या सकाळीच तुझ्या दारात पाहिजे होती. दसऱ्याला आलेल्या माणसाला कुणी हाकलत नाही, त्या दिवशी दुष्मनालाही पान देतात, एवढा हिशोब मी अडीच महिने मनात धरून होतो. दुसऱ्या दिवशी आलो असतो तर मी तोच, कागद घेऊन आलेला.

घरी परत आलो तर माझी हत्यारंही पूजेत. पाने, पक्कड, हातोडी, सोनलनं सगळं फळीवर ओळीनं मांडून त्यावर फुलं वाहिलेली. मग मी हत्याराशिवाय काम केलं. भोकात चिंधी कोंबली, बोटानं. वर पुट्टी भरली, बोटानंच. वाळल्यावर घासायला पॉलिश पेपर घेतला. तो हत्यारात धरायचा की नाही यावर मी पाच मिनिटं विचार केला, बघ. पुट्टीनं चासी धरत नाही यावर एक मिनिटही केला नाही. रंगाची गन शेजाऱ्याची होती, म्हणजे आपली पूजेतली नाही, असं ठरवून तीही वापरली. सोनल दारातून म्हणाली, "आजच्या दिवशी? आन् हितं काय भरताय?" मी म्हटलं, "खड्डा हाय जरा." ती आत गेली.

रंग इतका सुंदर बसला की मलाच ती जागा सापडेना.

दसऱ्याला इंदापूर ते कऱ्हाटी मी स्वतः चालवत आणली. चाळीसच्या वर गेलो नाही. निमगाव केतकीच्या पुढं पहिल्यांदा खालून टक् असा आवाज आला. मग प्रत्येक गतिरोधकावर यायला लागला. तुझ्या दारात उतरलो तेव्हा मला गाडी नीट स्टँडवर लावता येईना आणि दाजींना वाटलं मी तुझ्यामुळं घाबरलोय. त्याच वेळी सांगायचं होतं. दाजींनी पानं हातावर ठेवली आणि माझ्या तोंडून निघेना. त्यांना म्हणणार काय, सोनं घ्या, आणि ही गाडी तुमची पोर मारेल?

तुला आठवतं का, मी सहावीत असताना आईचा स्टो गळत होता आणि मी गळतीला साबण लावून दुरुस्त केला म्हणून सांगितलं होतं. भडका उडाला, तुझी वेणी पोळली. तू आईला सांगितलंस, चुलीपाशी वाकले होते. आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मी शिकलो काय, तर साबण लावायला.

आता पत्रच का लिहितोय ते सांगतो. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस हे खरं, पण दाजी उचलतात आणि नंदी तर दुसऱ्या रिंगला उचलते. फोन केला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पत्राला तीन-चार दिवस लागतात. ते दिवस मला पाहिजे होते. गाडी ताडपत्रीखाली आहे, तुझ्या रागामुळं पोर सुखरूप आहे, मग घाई काय, असं मी रोज स्वतःला सांगतो. तुझा राग एवढा टिको, असा नवस बोलायची वेळ आली माझ्यावर.

आणि गाडी सहीसाठी नाही असं शपथेवर लिहिलं होतं. थोडी सहीसाठीही होती. किती थोडी ते मला सांगता येत नाही. आईची शपथ मोडली, तेही माझ्यावर.

दिवाळीची वाट बघत नाही. शनिवारी टेम्पो घेऊन येतो आणि गाडी घेऊन जातो. उद्या सकाळी हे पत्र टाकतो.

ज्ञानेश


कऱ्हाटी
११ ऑक्टोबर, शनिवार
(इंदापुरात मिळालं १५ तारखेला)

चि. ज्ञानेश यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र आज आलं. पहिलं मी न वाचता डब्यात टाकलं होतं, आज दोन्ही काढून वाचली. दाजी म्हणाले मोठ्यानं वाच, पण मला वाचवेना, मग नंदीनं वाचलं.

खरं सांगते, गाडी दारात बघितली तेव्हा मला वाटलं हा सहीचा इसार हाय. म्हणून ताडपत्री टाकाया लावली. नंदी आठ दिवस माझ्याशी धड बोलली न्हाय. पण तुझं पहिलं पत्र वाचलं तर सारखं हळू चालव, डबल बसू नको, खड्ड्याला वळसा घाल. सही मागणारा माणूस एवढी काळजी करत न्हाय. एवढी काळजी आप्पा करायचे. तू सायकल घेऊन गेलास तरी रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. मला लई वाईट वाटलं, तीन वर्षं उगाच घालवली असं झालं.

तू लिहितोस किरकोळ रंगाचं काम राहिलंय. रंगाला काय करायचंय, रंग नसला तरी गाडी पळती. तू लहानपणापास्नं असाच, जरा ओरखडा राहिला तरी जीव घाबरा. ताडपत्री आजच काढली. दाजींनी नारळ फोडला. उद्या रविवारी मी अन् नंदी गाडीवर मोरगावला गणपतीला जाऊन येतो. तू डबल नको म्हणालास पण एकदाच, मला बसायचंय त्या गाडीवर. सोमवारपास्नं नंदी ड्युटीला गाडीनंच जाईल.

आन् सहीचं. तू मागितली न्हाईस म्हणून देते. दिवाळीनंतर इंदापूरला येते, कुठं करायची ते बघून ठेव. मला रान नको होतं, मला तू विचारायला पाहिजे होतंस एवढंच.

भाऊबीजेला सोनलला घेऊन ये. पंप बिघडू देऊ नको.

तुझी
अक्का


बारामती
१५ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी साडेतीन

अक्का,

हे नंदीच्या वहीतल्या पानांवर लिहितो आहे. दवाखान्याच्या मागं जिथं गाड्या लावतात तिथल्या कट्ट्यावर बसलोय. समोर ती निळी गाडी आहे. नंदी सुखरूप आहे. तुला हे पहिल्यांदा कळावं म्हणून पहिल्यांदा लिहिलं. तेरा तारखेचं माझं एक पत्र अजून वाटेत आहे, ते उद्या-परवा मिळेल. त्यात लिहिलंय ते इथं थोडक्यात सांगतो: गाडीची चासी बॅटरीखाली कुजलेली होती, मला माहीत होतं, आणि मी चिंधी कोंबून, वर पुट्टी भरून, रंग मारून ती तुझ्या पोरीला दिली.

तुझं पत्र आज दहा वाजता आलं. बागेच्या फाटकात उभ्यानं वाचलं. पहिल्या चार ओळी वाचून मला रडू येत होतं, आणि मग मोरगावचं आलं. तू मागं बसलीस. रविवारी. पत्र येईपर्यंत रविवार होऊन गेला होता, सोमवार, मंगळवारही. मी तारखा बोटांवर मोजत होतो आणि माझी बोटं चुकत होती.

दाजींना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. नंदीचा बंद. तुझा तर माझ्यासाठी तीन वर्षं बंदच. मग सोनलला सगळं सांगितलं. ती "आधी निगा," म्हणाली, "मी फोन लावत बसते."

टेम्पो घेऊन निघालो. पन्नास किलोमीटर कसे कापले ते विचारू नकोस. लासुर्ण्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. नंदी या रस्त्यानं येतच नाही, तुमचा रस्ता बारामतीच्या पलीकडचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गाडी थांबवली आणि माणसं बाजूला सारून आत शिरलो. टोमॅटोचा टेम्पो कलंडला होता. कुणाला लागलं नव्हतं. एक बाई मला म्हणाली, "तुमचा हाय का टेम्पो?" मी नाही म्हटलं आणि तिथंच खाली बसलो. तिनं पाणी दिलं.

बारामतीत सोनलचा फोन आला, दाजी लागले होते, नंदी सकाळी गाडीनंच गेली म्हणाले, आणि काय झालं म्हणून विचारत होते. सोनलनं त्यांना सांगितलं, ज्ञानेश तिकडं पोचतोय, तो सांगेल. तिनं माझ्यासाठी एवढंच राखून ठेवलं.

इथं दीडशे गाड्या आहेत. निळी शोधायला मला वेळ लागला नाही. बॅटरीखाली रंगाला केसाएवढी रेघ पडलेली आणि तिच्यातून गंजाचं पाणी ओघळून वाळलेलं. मी अंगठ्यानं दाबलं. पुट्टीचा पोपडा अख्खाच्या अख्खा हातात आला आणि आतून चिंधीचं टोक बाहेर आलं. सोनलच्या जुन्या परकराची चिंधी, तिची फुलं अजून दिसत होती. नळी तीन बाजूंनी तुटलेली आहे, अक्का. एका बाजूवर, करंगळीएवढ्या लोखंडावर ती मोरगावला जाऊन आली. त्या करंगळीवर तुम्ही दोघी बसला होतात.

एक वाजता नंदी डबा खायला बाहेर आली. मला बघून पळत आली. "मामा, तुमी? आईनं धाडलं का?" मी मानेनंच नाही म्हटलं. ती सांगायला लागली, गाडी किती भारी आहे, मैत्रिणींनी किती विचारलं. मग म्हणाली, "फकस्त जरा मागनं डुलती. मोरगावच्या उतारावर लईच डुलली. आई म्हणाली, हवा कमी आसंल."

मी तिचा हात धरून तिला खाली वाकवलं आणि ती जागा दाखवली. तिनं त्यात बोट घातलं. मग मला विचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

मी म्हटलं, "व्हय."

"कवापास्नं?"

"नवमीपास्नं."

अक्का, तिनं मला शिवी दिली असती, चप्पल मारली असती तरी चाललं असतं. ती उठली, नळावर जाऊन बोटाचा गंज धुतला, साबणानं, नर्सिंगच्या पोरींना शिकवतात तसा मनगटापर्यंत. परत आली. म्हणाली, "साठनं आणली मी आईला उतारावरनं. ती म्हणत हुती, अजून जोरात."

मग तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. आम्ही दोघांनी खाल्ली. आणि खाता खाता ती हळूच म्हणाली, "मामा, आईला सांगू नका."

मी हातातला घास खाली ठेवला.

"तीन वर्षांनी ती तुमचं नाव घेती हाय. काल शेजारच्या काकूला सांगत हुती, माझा भाऊ यायचाय म्हणून. भाऊबीजेला काय करायचं, साडीला मॅचिंग काय, सगळं चाललंय तिचं. हे कळलं तर ती मरंस्तोवर तुमचं तोंड बघायची न्हाय. तुमी गाडी न्या, वेल्डिंग करा, वर रंग मारा. मी सांगते क्लच प्लेट गेली म्हणून. कुणाला कळतंय?"

मी तिला सांगितलं की मी पत्र टाकलंय, वाटेत आहे. ती म्हणाली, "पोस्टमन आमच्या वळकीचा हाय. पत्र माज्याकडं द्या म्हणते. आईला मीच वाचून दाखीवते न्हाय तरी." आणि माझा हात दाबून म्हणाली, "काय झालं तर न्हाय ना मामा? मग?"

मग ती ड्युटीवर परत गेली. मी दोन तास इथं बसून आहे.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हेही लिहितो. पहिला अर्धा तास मी ते करणार होतो. बिरूकडं न्यायची, आत नवी नळी घालून घ्यायची, या वेळी खरंखुरं काम, आयुष्यभर तुटणार नाही असं. पोर वाचली आहे. बहीण परत मिळाली आहे. सहीसुद्धा मिळते आहे, न मागता. एक पत्र तेवढं मधे आहे आणि ते काढून घ्यायला तुझीच मुलगी तयार आहे. मला वाटलं, देवानंच मार्ग काढला.

मग मला तिचा आवाज परत ऐकू आला. वर रंग मारा, कुणाला कळतंय. एकोणीस वर्षांची पोर, अक्का. अजून बोटाला गंजाचा वास येत असेल तिच्या. ती उद्या कुणाला सुई टोचणार, कुणाची सलाईन बघणार, आणि काही चुकलं तर वर काय मारायचं ते तिला येतंय. ते तिनं कुणाकडून घेतलं असेल ते मला विचारू नकोस. इंदापुरातून इथवर येताना मी जन्मात घाबरलो नव्हतो एवढा घाबरलो होतो. पण ते वाक्य आठवल्यावर जे वाटलं ते त्याहून वाईट होतं. रस्त्यावर मला तिच्या मरणाची भीती होती. इथं बसून मला ती माझ्यासारखी जगेल याची वाटली.

म्हणून हे लिहिलं. सही करू नकोस. तू ती माझ्या काळजीवर भुलून देत होतीस आणि ती काळजी नव्हती, ती चोराची भीती होती. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे तसं राहू दे. भाऊबीजेला बोलवायचं की नाही ते तू बघ. मी पंपाचं निमित्त सांगणार नाही, बोलावलं नाहीस तर बोलावलं नाहीस.

गाडी आता टेम्पोत घालून नेतो. ती परत तुमच्या दारात येणार नाही. नंदीला आज कऱ्हाटीच्या एसटीत मी स्वतः बसवून देतो, आणि उद्यापासून सातच्या ड्युटीचं काय करायचं ते मी आणि सोनल बघतो. तिची सोय करायचं मी कबूल केलं होतं, ते माझ्यावर आहेच.

हे पत्र तिच्या हाती देतोय. पाकीट नाही. पाच वाजता ती बाहेर येईल तेव्हा तिलाच आधी वाचायला सांगणार आहे, शेवटच्या ओळीपर्यंत, तिच्याबद्दल लिहिलंय तेही. ती वाचून होईपर्यंत मी तिच्या समोर उभा राहणार आहे.

ज्ञानेश